मुंबईच्या गॅलरीत दवणा

चैत्रात देवाला वाहिला जाणारा, जोतिबाच्या यात्रेत गुलाल-खोबऱ्याच्या जोडीने दिसणारा आणि दादरच्या फूलबाजारात जुड्यांनी विकला जाणारा दवणा आपण विकत आणतो. तो कुंडीत लावण्याचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. मुंबईच्या दमट हवेत तो जगत नाही, असे सांगितले जाते. हे जून ते सप्टेंबरपुरते खरे आहे. नोव्हेंबर ते मार्च हा आपल्याकडचा कोरडा काळ मात्र त्याला चांगला मानवतो.

अमेरिकेच्या पश्चिम भागातील रुक्ष पठारांवर पसरलेले सेजब्रश आणि दक्षिण भारतातील आपला दवणा ही आर्टेमिसिया या एकाच वंशातील भावंडे आहेत. पानांवरची करडी लव आणि उग्र सुगंध दोघांकडेही आहे. फरक एवढाच, की सेजब्रशचे झुडूप वर्षानुवर्षे टिकते, तर दीड-दोन फूट वाढणारा दवणा एका हंगामात फुलून संपतो. रोपवाटिकेत ‘नागदवणा’ या नावाने मिळणारे झाड वेगळे असते; ते बहुवर्षायू असून मुळांवाटे पसरते. त्यामुळे खरेदी करताना नाव नीट विचारून घ्यावे. बाजारातली फुलावर आलेली जुडी मातीत खोचून रोप होईल, ही आशाही सोडावी. दवणा बियांपासूनच लावावा आणि बी मागच्याच हंगामाचे असावे, कारण जुन्या बियांची उगवण झपाट्याने घटते.

पेरणीची घाई करू नये. पहिल्या वर्षी मी गणपती विसर्जनानंतर लगेच बी टाकले आणि परतीच्या दोन सरींनी सगळी रोपे जमिनीलगत कुजून आडवी झाली. तेव्हापासून दिवाळी उरकल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच मी पेरतो. म्हणजे साधारण चार महिन्यांत, चैत्राच्या सुमारास, झाड फुलावर असते.

दोन भाग लाल माती, एक भाग जाड रेती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण पुरते. कोकोपीट टाळावे, कारण ते ओल धरून ठेवते आणि इथे नेमके तेच नको असते. बी अतिशय बारीक असल्याने ते चिमूटभर कोरड्या रेतीत मिसळून पसरट कुंडीत भुरभुरावे, वर मातीचा जाड थर देऊ नये आणि झारीऐवजी फवाऱ्याने पाणी द्यावे, नाहीतर बी एका कोपऱ्यात वाहून जाते. सुमारे सहा आठवड्यांनी रोपे हाती धरण्याजोगी झाली, की ती तळाला मोठे भोक असलेल्या मातीच्या कुंडीत हलवावीत. दहा इंची कुंडीत तीन-चार रोपे पुरेत. त्यांच्यामध्ये हवा खेळली पाहिजे.

जागेबाबत मुंबईकरांना एक गोष्ट अनुकूल आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत किंवा ग्रीलमध्ये ऊन आतपर्यंत येते. अशा जागी निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळत असेल, तर दवण्याची वाढ दाट आणि सुगंधी होते.

खरी कसोटी पाण्याची आहे. कोवळ्या रोपांना ओल हवी, पण रोप रुजल्यावर बोटाचे पहिले पेर मातीत घालून पाहावे आणि माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. पाणी द्यायचे तर सकाळी, बुंध्याशी, आणि कुंडीखालच्या बशीत ते साचू देऊ नये. खालची पाने काळी पडू लागली, तर पाणी जास्त होत आहे असे समजावे. पाने मलूल झालेली दिसली, की आपला हात आपोआप तांब्याकडे जातो. परंतु मुळे कुजली तरीही पाने अशीच मलूल होतात, म्हणून आधी माती तपासावी. खताचाही सोस नको. नत्र जास्त झाले, की पालेदार वाढ होते आणि वास फिका पडतो. शेंड्यांवर मावा दिसल्यास कडुनिंबाच्या तेलाची सौम्य फवारणी संध्याकाळी करावी.

फेब्रुवारीच्या अखेरीस बारीक पिवळसर फुलोरा दिसू लागतो. गजऱ्यासाठी किंवा पूजेसाठी शेंडे तेव्हा कात्रीने कापावेत, उपटू नयेत. एक-दोन रोपांना मात्र हात न लावता ती पूर्ण वाळू द्यावीत, फुलोरा कागदावर चोळून बी वेगळे करावे आणि ते सावलीत सुकवून, पुडीत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पावसाळी हवा शिरू नये म्हणून तो डबा पुढच्या दिवाळीपर्यंत उघडू नये.