घरात बारावी आणि नवं गाव बेळगाव

कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडून बदलीनं किंवा धंद्यासाठी बेळगावात आलेली माणसं महिन्याभरात रुळतात. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, कुठंही मराठीवर निभतं. त्यामुळं आपण दुसऱ्या राज्यात आलोय हेच विसरायला होतं, आणि मग मुलाच्या इंजिनिअरिंग-मेडिकलच्या ॲडमिशनच्या वेळी ते राज्य एकदम समोर येऊन उभं राहतं. मला इथं येऊन बरीच वर्षं झाली. दर मे-जूनमध्ये नव्यानं आलेल्या पालकांचा एकच प्रश्न असतो: "ताई, एवढ्या रँकला गोगटेला कॉम्प्युटर मिळेल का हो?" गोगटे म्हणजे इथलं इंजिनिअरिंग कॉलेज. मी उलट विचारते, "पोरगं सहावीला कुठं होतं?"

ते असं. कर्नाटकातली सरकारी कोट्याची सीट केईए, म्हणजे इथलं परीक्षा प्राधिकरण, देतं. त्यासाठी पहिली ते बारावी यांतली किमान सात वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली लागतात, आणि दहावी किंवा बारावीपैकी एक तरी इथून पास व्हावं लागतं. सहावीपासून इथं असलेला मुलगा बारावीला बरोबर सातावर येतो. आठवीत आलेल्याची पाचच भरतात. मार्क कितीही असोत, या कलमाखाली तो बसत नाही.

पण दुसरं एक कलम आहे आणि ते आपल्या लोकांच्या फार उपयोगाचं आहे. मुलानं अकरावी-बारावी दोन्ही वर्षं कर्नाटकात केली असतील आणि आई किंवा वडील यांपैकी एकानं कर्नाटकात सात वर्षं शिक्षण घेतलं असेल, तरी चालतं. सीमाभागात लेकी इकडून तिकडं दिलेल्या असतात. आईचं माहेर खानापूर, निपाणी किंवा बेळगावचं असेल, तर तिची शाळा तुमच्या मुलाच्या कामी येते. तिच्या जुन्या शाळेत जाऊन स्टडी सर्टिफिकेट काढायचं आणि त्यावर बीईओ ऑफिसची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाची, सही घ्यायची. हे काम दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास उरका. मे महिन्यात शाळेला सुट्टी, हेडमास्तर गावाला, आणि तुम्ही गेटवर, असं होतं. सैन्यातल्या आणि केंद्र सरकारच्या नोकरीतल्या पालकांसाठी वेगळी कलमं आहेत. तुम्ही त्यात असाल तर नेमणुकीच्या कागदासह ती वाचा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

निपाणीकरांसाठी एक वेगळी सूचना. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज निपाणीला खेटून आहे, पण ते महाराष्ट्रात. तिथली अकरावी-बारावी ही महाराष्ट्राची. चालत जाता येतं म्हणून प्रवेश घेतला तर इकडची दोन वर्षं मोजणीतून जातात, आणि वरचं आईच्या शिक्षणाचं कलमही हातचं जातं. महाराष्ट्रातच पुढं शिकायचं ठरलं असेल तर मात्र तो निर्णय चांगला आहे.

आता महाराष्ट्राकडचं दार. इंजिनिअरिंगला ते बऱ्यापैकी उघडं राहतं. एमएचटी-सीईटी, म्हणजे तिकडची प्रवेशपरीक्षा, देऊन, आई-वडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा डोमिसाइल दाखला असेल तर 'बी' प्रकारात बसता येतं. याखेरीज 'ई' प्रकार आहे: वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेल्या, मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी. ठरलेल्या नमुन्यातले दाखले लागतात आणि ते अर्ज भरण्याआधी हातात हवेत. सांगलीचं वालचंद, कोल्हापूरचं केआयटी, पुण्याची कॉलेजं या रस्त्यानं यादीत येऊ शकतात.

मेडिकलला मात्र हे दार फार अरुंद आहे. महाराष्ट्राच्या राज्य कोट्याला डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही सर्वसाधारणपणे तिकडचीच लागतात. सीमाभागासाठी एमकेबी म्हणून काही जागा असतात, पण मोजक्याच. दहावी साताऱ्याला, बारावी बेळगावला, इथली वर्षं दोनच आणि आई-वडिलांची शाळाही इथली नाही, अशा मुलाचं ना इकडं जमत ना तिकडं. त्याला पंधरा टक्के ऑल इंडिया कोटा, खासगी कॉलेजांतल्या सर्वांना खुल्या जागा आणि अभिमत विद्यापीठं एवढंच उरतं. इथल्या मेडिकल कॉलेजांपैकी बिम्स सरकारी आहे, तर जेएनएमसी अभिमत विद्यापीठाखाली येतं. एकाच गावात असूनही दोन्हींची प्रवेशप्रक्रिया आणि फी यांचा काही मेळ नाही. मेडिकलची 'नीट' परीक्षा देणारं मूल घरात असेल तर दहावीनंतर त्याला इथं आणायचं की आजीकडं ठेवायचं, हा विचार आधी करा.

कलम ठरलं की मग शक्यता मोजायची. इंजिनिअरिंगची केसीईटी, म्हणजे कर्नाटकाच्या सीईटीची, रँक नुसत्या सीईटीवर नसते. सीईटीतले फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे मार्क आणि बारावीतले त्याच तीन विषयांचे मार्क, दोन्ही निम्मे-निम्मे धरतात. समजा बारावीला ३०० पैकी २८२ पडले, म्हणजे ९४ टक्के. सीईटीत १८० पैकी १०८ आले, म्हणजे ६० टक्के. सरासरी ७७. कोल्हापूरकडचे पालक पर्सेंटाइलच्या हिशोबाची सवय घेऊन येतात आणि बारावीच्या बोर्डाकडं दुर्लक्ष करतात. इथं ते परवडत नाही. आणि सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे पोराला दहा वेळा सांगा.

रँक आली की केईएचे मागचे कटऑफ उघडा. त्यात जीएम, जीएमआर, जीएमके, थ्री-बीजी असे रकाने दिसतील. जीएम म्हणजे जनरल मेरिट, खुला गट. थ्री-बी हा इथला एक मागासवर्गीय गट. आर म्हणजे पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकलेले, के म्हणजे कन्नड माध्यमाचे. मराठा समाज इथं थ्री-बीमध्ये आहे, पण महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथं चालत नाही. इथल्या तहसीलदाराचा आरडी नंबर असलेला दाखला लागतो. नव्यानं आलेल्यांनी जीएमचाच रकाना वाचावा. थ्री-बीचा मोठा आकडा बघून खूश होणारे पालक मी दरवर्षी बघते.

मी वापरते ती पद्धत साधी आहे. कॉलेज आणि ब्रँच मिळून एक पर्याय धरायचा, कारण एकाच कॉलेजात कॉम्प्युटर आणि सिव्हिलच्या कटऑफमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर असतं. मग त्या पर्यायाचे तीन वर्षांचे, एकाच फेरीचे शेवटचे रँक लिहायचे. समजा १८ हजार, २२ हजार आणि २५ हजार आले. तुमची रँक १८ हजारांच्या आत असेल तर पर्याय हातातला. १८ ते २५ च्या मध्ये असेल तर काठावरचा. २५ च्या पुढं गेली तर नशिबाचा. एकाच वर्षाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. कॉलेजानं कॉम्प्युटरची एखादी तुकडी वाढवली तरी कटऑफ घसरतो.

यादीत तिन्ही प्रकार हवेत, पण क्रम लावायचा तो आवडीनं. इथं सगळ्यांचं घोडं अडतं. केईएचा संगणक तुमची यादी वरून खाली वाचत येतो आणि पहिली जी सीट बसेल ती देतो. वर बेंगळुरूचं आरव्ही किंवा बीएमएस लिहिल्यानं खालचं गोगटे जात नाही. उलट हातातला पर्याय वर टाकलात तर तोच मिळणार आणि त्याखालचं सगळं वाया. नशिबाचे पाच-सहा घाला, काठावरचे भरपूर घाला, आणि हातातले असे घाला की जिथं पोरगं खरंच जाईल. उद्यमबागेत गोगटे आणि शेषगिरी जवळजवळ आहेत, एका सकाळी दोन्ही होतात. मराठा मंडळ, अंगडी, निपाणीचं व्हीएसएम, निडसोशीचं हिराशुगर हेही बघून या. लॅबमध्ये मशिनवर धूळ आहे का ते बघा, कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या पोरांशी बोला, शेवटची बस किती वाजता ते विचारा. वेबसाइटवर यातलं काही नसतं. कन्नडची भीती बाळगू नका. व्हीटीयूच्या, म्हणजे इथल्या तंत्रशिक्षण विद्यापीठाच्या, कॉलेजांत कन्नड न येणाऱ्यांसाठी बळके कन्नड म्हणून वेगळा सोपा विषय आहे.

उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर एसएनक्यू, म्हणजे ठरलेल्या जागांवरच्या जादा जागांच्या, कोट्याची चौकशी जरूर करा, त्यात ट्यूशन फी माफ होते.

ज्यांचं कुठलंच कलम बसत नाही त्यांनी कॉमेडके, म्हणजे कर्नाटकातल्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांची प्रवेशपरीक्षा, देऊन ठेवावी. अधिवासाची अट नाही, १८० प्रश्न, निगेटिव्ह नाही. फी सरकारी कोट्यापेक्षा बरीच जास्त, तेव्हा चार वर्षांचा आकडा आधी घरात मांडा. या परीक्षांचे फॉर्म बारावीच्या बोर्डाच्या आधीच निघतात. कुठली दारं ठोठावायची हे त्यामुळं जानेवारीतच ठरवावं लागतं.

मॉक अलॉटमेंट, म्हणजे सीटवाटपाची रंगीत तालीम, लागली की घाबरून यादी उलटीपालटी करू नका, ती फक्त अंदाजासाठी असते. खऱ्या फेरीनंतर चार चॉइस येतात. एक म्हणजे सीट पक्की. दोन म्हणजे ही राहू दे, पण यादीतलं वरचं मिळालं तर तेच द्या. ते मिळालं की आधीची सीट आपोआप जाते. म्हणून दोन दाबण्याआधी वर उरलेलं प्रत्येक नाव वाचा आणि जिथं जायचं नाही ते काढून टाका. तीन म्हणजे हातची सीट सोडून पुढच्या फेरीत उतरणं, ते हिंमत असेल तरच. चार म्हणजे बाहेर. महाराष्ट्रात किंवा कॉमेडकेत पैसे भरल्याची पावती हातात असल्याशिवाय चार दाबू नका.