ओहोटीच्या पुळणीवर कँब्रियन समुद्राचा हिशेब

पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे कँब्रियन काळातल्या, समुद्रात किती तऱ्हेचे प्राणी होते, हे जीवाश्मांवरून ठरवताना पहिली अडचण अशी येते की, मऊ अंगाचा प्राणी दगडात सहसा उतरतच नाही. कोकणच्या कातळात त्या काळचे काहीच सापडणार नाही, कारण इथला बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. हा हिशेब शिकायला मात्र रत्नागिरीजवळची भाट्याची पुळण पुरते.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत मागे हटते, तेव्हा वही घेऊन जावे. भरतीच्या रेषेपासून पाण्यापर्यंत दहा पावले रुंदीचा पट्टा आखून त्यातील तिसऱ्या (शिंपले), शंख, खेकडे, वाळूच्या वेटोळ्यांची ढिगली टाकणारे किडे, लाटेने आणून टाकलेला जेलीफिश अशा दिसेल त्या प्राण्याची नोंद करावी. नंतर खनिजाचे कवच नसलेली नावे खोडावीत. खेकड्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. त्याचे कवच टणक असले तरी मेल्यावर सांधे सुटून तो विखुरतो. उरलेली यादी म्हणजे साधा खडक दाखवतो तेवढेच जग. कॅनडातील बर्जेस शेल या कँब्रियन काळच्या खडकात, जिथे मऊ अंगेही टिकली, तिथल्या प्राण्यांच्या वंशांपैकी टणक सांगाडा असलेले जेमतेम १४ टक्के निघाले.

ती अंगे टिकली कशी, हे पाहण्यासाठी काचेच्या दोन बरण्यांत खाडीचा बारीक चिखल भरून एकीत कोळंबी चिखलावर ठेवावी आणि दुसरीत चार बोटे खाली पुरावी. वायू साठतो म्हणून झाकण सैल ठेवावे आणि बरण्या परसात ठेवाव्यात. (माझी पहिली बरणी पडवीत होती, ती कोणी फेकली हे घरात अजून कोणी कबूल केलेले नाही.) पंधरवड्याने पुरलेली कोळंबी चिखल सुरीने हळूहळू कापत उघडावी. मांस कुजलेले असेल, कारण प्राणवायूवाचूनही जिवाणू काम करतातच. भोवतालचा चिखल काळा पडणे ही त्याचीच खूण. पण माशा आणि लाटा तिथवर पोचत नसल्याने अवयव बरेचसे जागच्या जागी असतील. जीवाश्मशास्त्रज्ञ चार्ल्स वॉलकॉट यांना १९०९ मध्ये सापडलेल्या बर्जेस शेलमध्ये, सुमारे ५०.८ कोटी वर्षांपूर्वी, प्राणी असेच घसरत आलेल्या चिखलाखाली झटकन गाडले गेले आणि अनेकांचा कार्बनचा पातळ पापुद्रा मागे राहिला. चीनमधील चेंगजियांगचे थर त्याहूनही जुने, सुमारे ५१.८ कोटी वर्षांचे आहेत.

शेवटी उघडी ठेवलेली कोळंबी घ्यावी. तिचे सुटलेले तुकडे वेगवेगळ्या कागदांवर मांडून, ती कोळंबी असल्याचे न सांगता, कोणाला तरी ओळखायला द्यावेत. कँब्रियन समुद्रातल्या अ‍ॅनोमॅलोकॅरिस या शिकारी प्राण्याच्या बाबतीत हेच घडले: भक्ष्य पकडण्याचे त्याचे अवयव १८९२ मध्ये कोळंबीसारख्या प्राण्याचे धड समजले गेले, त्याच्या जातकुळीतले गोल तोंड जेलीफिश ठरले, आणि हे सारे एकाच शरीराचे भाग असल्याची पक्की मांडणी १९८५ मध्ये झाली. समोरच्या माणसाने एका कोळंबीचे किती प्राणी केले, तो आकडा मूळ यादीशेजारी लिहून ठेवावा.