70 च्या पुढं हँडल थरथरतं? आधी रस्त्यावर तपासा, मग पाना लावा

दुचाकी गॅरेजला येते ती बहुतेक वेळा निदानासकटच येते. "दादा, 70 च्या पुढं हँडल नाचतंय, कोनसेट टाका." साताऱ्यातून शिरवळला कंपनीत किंवा कराडला कॉलेजला हायवेनं रोज ये-जा करणारे पुष्कळ, त्यामुळं ही तक्रार बारमाही. कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं, आणि ती टाकून द्यायला मला अडचण काहीच नाही. पण कोनसेट टाकूनही हँडल नाचतच राहिलं, तर गिऱ्हाइकाचे पैसे गेले आणि धोका तसाच राहिला. म्हणून काहीही उघडण्याआधी एवढं शोधा, की थरथर कशाबरोबर वाढते: गाडीच्या स्पीडबरोबर, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर, की ब्रेक दाबल्यावर?

सकाळी रस्ता मोकळा असताना निघा. लिंब खिंडीकडचा असो नाहीतर नागठाण्याकडचा, पट्टा गुळगुळीत निवडा. कामासाठी खरवडलेल्या रस्त्यावर चांगल्या गाडीचंही हँडल थरथरतं. टायर थंड असतानाच हवा तपासून घ्या, गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच. 80 च्या पुढं जायची गरज नाही, चौपदरी हायवेवर दुचाकीला मर्यादाही तेवढीच आहे. थरथर सुरू झाली की आरशात मागचं बघा, रेस सोडा आणि क्लच दाबा. इंजिनच्या फेऱ्या खाली येतात, गाडी मात्र जवळपास त्याच वेगात पळत असते. थरथर लगेच गेली तर दोष इंजिनच्या बाजूला. तशीच राहिली आणि स्पीडबरोबर हळूहळू उतरली, तर चाक, टायर, बेअरिंग, नाहीतर कोनसेट. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर आधी डिस्क किंवा ड्रमच तपासून घ्या, बाकी काही उघडू नका.

हाताला लागणारा फरकही ओळखता येतो. 80 च्या वेगात मोटरसायकलचं चाक सेकंदाला साधारण 11-12 फेरे मारतं. त्यातला दोष हँडल डावी-उजवीकडं हलवतो, डोळ्यांना दिसतो. तेव्हाच इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला 100 फेऱ्या झाल्या. ती थरथर दिसत नाही, बोटांना मुंग्या आणते. हँडलपेक्षा सीट आणि फूटरेस्ट जास्त हलत असतील तर मागचं चाक आधी बघा.

आता चाकाकडं. ऊसाच्या हंगामात शेतरस्त्यानं आलेल्या गाडीच्या अलॉयच्या आतल्या बाजूला एकाच ठिकाणी चिखलाचा गोळा वाळून बसलेला असतो. आधी चाक नीट धुवा. धुतल्यावर रिमवर एखादा चौकोनी स्वच्छ ठसा दिसला तर चाक समतोल फिरावं म्हणून तिथं चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन पडलंय. मग टायर हवा भरलेला असतानाच रिमच्या अगदी कडेला बघा. टायरच्या अंगावर तिथं एक बारीक उठावाची रेघ गोल फिरलेली असते. रिमपासून तिचं अंतर सगळीकडं सारखं हवं. कराडहून एक पोरगा दोनदा कोनसेट बदलून आला होता. मेन स्टँडवर चाक फिरवलं, तर वाल्वच्या समोरच्या बाजूला चार बोटं रुंदीत ती रेघ रिममध्ये गडप. पंक्चर काढताना टायर तिथं पुरता बसलाच नव्हता. हवा सोडली, कडेला साबणाचं पाणी लावलं, परत हवा भरली. "टप्प" आवाज आला, रेघ वर आली आणि त्याची गाडी 80 ला सरळ चालली. हवा भरताना मात्र टायरवर लिहिलेल्या मर्यादेपलीकडं कधीही जाऊ नका.

नंतर टायरवरून तळवा आधी पुढं, मग मागं फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट्या दिशेनं करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर टायर खड्ड्याखड्ड्यांनी झिजलाय. असा टायर बॅलन्सिंगनं सुधारत नाही, बदलावाच लागतो. रिम आउट, म्हणजे वाकडी, आहे का हे बघायला मशीन लागत नाही. झाडूची काडी शॉकअपला टेपनं चिकटवा, टोक रिमच्या कडेला टेकेल न टेकेल असं ठेवा आणि चाक सावकाश फिरवा. फट कमी-जास्त होताना दिसते. बहुतेक गाड्यांना 2 मिलिमीटरपर्यंत चालतं. तारांचं चाक असेल तर तारा आवळून आउट काढता येतो. वाकडं अलॉय ठोकून सरळ करून हायवेला न्यायचं, हे मला मान्य नाही.

बेअरिंगसाठी चाक उचलून टायर वर आणि खाली धरा, एका हातानं आत ढकला, दुसऱ्यानं बाहेर ओढा. तिथं ढिलाई नको, आणि फिरवताना खरखर नको.

कोनसेट आत्ता, यानंतर. पुढचं चाक अधांतरी ठेवा, दोन्ही शॉकअप खालून धरून पुढं-मागं ओढा. "टक" जाणवलं तर कोनसेट ढिला. मग हँडल एका बोटानं सावकाश फिरवा. बरोबर मधोमध अडकत असेल तर कोनसेटच्या वाटीत बेअरिंगच्या गोळ्यांचे खड्डे पडलेत. तो आवळून भागत नाही, नवाच टाकायचा. जास्त आवळला तर गाडी सरळ रेषेत चालतच नाही, सतत इकडं-तिकडं वळवळते.

आणि मागं भरलेला टॉपबॉक्स किंवा कॅरिअरला बांधलेलं पोतं असेल तर ते उतरवून परत एकदा चालवून बघा. मागं वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि दोष नसलेली गाडीही डोलते.

चालवताना हँडल अचानक जोरात झोकांड्या खायला लागलं, तर पुढचा ब्रेक दाबू नका, हँडलशी झुंजू नका. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, अंग पुढं झुकवा आणि रेस हळूहळू सोडा. वेग उतरला की बाजूला घ्या आणि ती गाडी तशीच हायवेला पुढं नेऊ नका. थरथर तपासायला हँडलवरचे हात सोडणारेही बघितलेत. ते करूच नका.

क्लच दाबल्यावर थरथर गेली असेल तर चेन बघा. मागचं चाक फिरवत तीन-चार ठिकाणी चेनची ढिलाई मोजा. साधारण 2 ते 3 सेंटीमीटर लागते, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. एका ठिकाणी ताठ आणि दुसरीकडं लोंबत असेल तर चेन आणि ती ज्यांच्यावर फिरते ती दोन्ही दातेरी चक्रं (स्प्रॉकेट) एकदमच बदला. इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या फाउंडेशन बोल्टांभोवती तांबूस भुकटी दिसली तर तिथं लोखंडावर लोखंड घासतंय. ते बोल्ट टॉर्क पान्यानंच, म्हणजे किती ताकद लागली ते दाखवणाऱ्या पान्यानं, आवळून घ्या, अंदाजानं ताकद लावू नका. शेवटी हँडलच्या टोकांना हात लावून बघा. तिथली जड वजनं शोभेची नाहीत, इंजिनची थरथर हातापर्यंत कमी पोचावी म्हणून कंपनीनं बसवलेली असतात. गाडी पडल्यावर एखादं तुटतं, किंवा टोकाला फॅन्सी आरसे लावताना काढून ठेवलं जातं, आणि तेव्हापासून हात बधिर व्हायला लागतात. काढलेलं वजन घरात असेल तर परत बसवा, आणि त्याच पट्ट्यावर, त्याच हवेवर, त्याच वेगात पुन्हा चालवून बघा.