हिरडी सरकून दाताचं मूळ उघडं पडलंय? मग सिमेंटम असं जपा

दात घासताना आपलं सगळं लक्ष वरच्या पांढऱ्या भागाकडे, म्हणजे इनॅमलकडे. पण मुळावर इनॅमल नसतंच, तिथे सिमेंटमचा थर असतो, फिकट पिवळसर आणि इनॅमलपेक्षा बराच मऊ. हिरडीजवळ तो जेमतेम 20 ते 50 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड, मुळाच्या टोकाकडे 150-200. एवढ्याशा थराचं काम मात्र मोठं आहे, कारण दात हाडात थेट रोवलेला नसतो, मधे बारीक तंतू असतात ज्यांचं एक टोक हाडात आणि दुसरं सिमेंटममध्ये रुतलेलं असतं, त्यांच्याच जोरावर दात जागेवर राहतो.

आधी आरशासमोर उभं राहून ओठ बाजूला करून बघा. एखादा दात शेजारच्यापेक्षा लांब दिसतोय का, हिरडीलगत पिवळी पट्टी आहे का, नख हळूच फिरवलं तर खाच लागते का? बरेच जण ही पट्टी डाग समजून अजून जोरात घासतात आणि उरलंसुरलं सिमेंटमही घालवतात. ते एकदा घासलं गेलं की खालचं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, उघडं पडतं आणि मग गार पाण्याने दात शिवशिवायला लागतात.

ब्रश सॉफ्टच घ्या, यात तडजोड नको. साधारण 45 अंशात हिरडीकडे तिरका धरा आणि मूठ आवळून नाही तर पेनसारखा पकडा, जोर आपोआप कमी होतो. महिन्याभरातच केस फिसकटले तर समजा हात जड पडतोय. कोळशाची पावडर, खरखरीत दंतमंजन, दात पांढरेशुभ्र करणाऱ्या जहाल पेस्ट उघड्या मुळावर नकोतच. पेस्टमध्ये फ्लोराइड हवं, ट्यूबवर 1000 ते 1500 पीपीएम लिहिलंय का बघा, आणि घासून झाल्यावर फक्त थुंका, चुळा भरभरून ते सगळं धुवून टाकू नका. शिवशिवत असेल तर पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट चालते, पण दोन दिवसांत फरक पडत नाही, काही आठवडे धीर धरावा लागतो.

खाण्यापिण्याचं थोडं शास्त्र आहे. इनॅमल साधारण 5.5 पीएचला विरघळायला लागतं (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट), पण मूळ 6 च्या वरच, म्हणजे सौम्य आंबटपणालाही ते बळी पडतं. त्यामुळे गोड किंवा आंबट पेय तासभर घोटघोट पीत बसण्यापेक्षा एकदाच पिऊन मोकळं व्हा, आणि आंबट खाल्लं की अर्धा तास ब्रश नको. कुठल्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल तर डेंटिस्टला नक्की सांगा, लाळ कमी झाली की मुळाची कीड फार पटकन लागते.

दातांच्या फटीत इंटरडेंटल ब्रश फिरवा. कडक झालेलं कीटण मात्र घरी पिनेने किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या लोखंडी हत्याराने खरवडू नका, ते डेंटिस्टचंच काम. स्केलिंगने, म्हणजे डेंटिस्टकडून कीटण काढून घेतल्याने, दात हलायला लागतात असं म्हणतात ते काही खरं नाही, आधीच सैल झालेला दात कीटणाने धरून ठेवलेला असतो, एवढंच.

आणि पडून-आपटून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर? वरच्या पांढऱ्या भागालाच धरा, मुळाला हात लावू नका आणि पुसू तर अजिबात नका, कारण सिमेंटमला चिकटलेल्या जिवंत पेशींवरच दात परत बसणार की नाही ते ठरतं. माती लागली असेल तर दुधात किंवा पाण्यात क्षणभर बुडवून काढा, जमलं तर लगेच खाचेत बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरा. नाही जमलं तर दुधात ठेवा, साध्या पाण्यात किंवा कोरड्या कागदात नको, आणि अर्ध्या तासाच्या आत डेंटिस्ट गाठायचं बघा. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला धक्का लागू शकतो.