नाशिक ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती, घरबसल्या कसं काढाल?

समजा, तिकिटावर लिहिलंय: मुंबईहून रात्री 2 ला निघणार, न्यूयॉर्कला त्याच सकाळी 7.30 ला पोचणार. आमच्या मावशींनी असंच एक तिकीट वाचलं आणि म्हणाल्या, "साडेपाचच तास? पुण्याला जायलाही तेवढेच लागतात की!"

मावशींचं चुकलं कुठे, ते पाहू.

आधी अंतर काढा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, सपाट नकाशा फसवतो. मुलांचा पृथ्वीगोल माळ्यावरून उतरवा आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. आपल्याला वाटतं विमान अरबी समुद्र, मग आफ्रिका ओलांडून सरळ पश्चिमेला जाईल. दोरा मात्र उत्तरेला चढतो, नॉर्वे आणि आइसलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी जातो आणि मग खाली उतरतो. सर्वांत जवळची वाट तीच. 30 सेंमी व्यासाच्या गोलावर हा दोरा साडेएकोणतीस सेंमी भरेल. विषुववृत्ताचा फेरा त्याच गोलावर 94 सेंमी, आणि प्रत्यक्षात सुमारे 40,000 किमी. शाळेतलं त्रैराशिक मांडा: साडेबारा हजार किमी.

आता वेळ. मोठं विमान वर गेलं की ताशी 850 ते 900 किमीने जातं. 850 ने भागा, चढ-उताराचा अर्धा तास मिळवा. झाले सव्वापंधरा तास. पण दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, म्हणून 16 तास धरा. येताना तेच वारे पाठीशी असतात, तेव्हा 14 च्या आसपास. एखाद्या देशाचं आकाश बंद असेल तर वळसा पडतो, तो वेगळा.

मग घड्याळ. सगळा हिशेब भारतीय वेळेतच करा. रात्री 2 अधिक 16 तास, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे 6. त्यातून हिवाळ्यात साडेदहा तास वजा केले की तिथले सकाळचे 7.30. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथलं घड्याळ तासभर पुढे असतं, तेव्हा साडेनऊच वजा करायचे.

राहिला आपला टप्पा. नाशिकच्या ओझर विमानतळाहून न्यूयॉर्कला थेट विमान नाही, त्यामुळे मुंबई गाठणं आलंच. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे 11 ला पोचायचं. रस्ता साधारण 165 किमीचा. समृद्धी महामार्गामुळे इगतपुरीपुढचा घाट सोपा झालाय, पण भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तिथेच आहे. पाच तास हातात ठेवा आणि संध्याकाळी 6 ला नाशिकचा द्वारका चौक सोडा.

म्हणजे द्वारकेपासून तिथे उतरेपर्यंत बरोबर 24 तास. इमिग्रेशनची रांग यात धरलेली नाही. न्यायला येणाऱ्या जावयांना साडेसातला नव्हे, नऊला बोलवा.