वाळवंटात ट्रक पळवायचाय? लिफ्टआधी ट्रॅव्हल मोजा

वाळवंटासाठी ट्रक तयार करायला घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती इंच लिफ्ट करू?" मी सांगतो, लिफ्टचं, म्हणजे गाडी उंच करायचं, नंतर बघू, आधी चाक वर-खाली किती हलतं ते, म्हणजे ट्रॅव्हल, मोजा. खडकांवरून सावकाश जायचं असेल तर उंची कामाला येते. वाळवंटात वेग असतो. त्या वेगात चाकाला वर जायला जागा उरली नाही की दणका थेट चेसिसला बसतो. डकार रॅलीतल्या टी1+ या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या गटाला 2022 पासून 350 मिमी ट्रॅव्हलची मुभा आहे. तुम्हाला तेवढं लागणार नाही, पण जे आहे त्यातलं निम्म्याहून जास्त वरच्या बाजूला हवं. मी साधारण 60-40 धरतो.

मोजायचं कसं? चेसिस भक्कम स्टँडवर टेकवा आणि कॉइल स्प्रिंग काढून ठेवा. मागे पाटे असतील तर मुख्य पाटा तेवढा ठेवून बाकीचे उतरवा. आता जॅकने चाक हळूहळू पूर्ण वर न्या आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा. टायर कुठे घासतो तिथे खडूने खूण करा. मग चाक पूर्ण खाली सोडा. ड्राइव्हशाफ्ट हाताने फिरवला आणि त्याचा वाकता सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, अडकत फिरला, तर तुमची खालची हद्द त्याच्या आधीच संपते. ब्रेकची नळी ताणली जात असेल तर लांब नळी लावा. या कामात अख्खा दिवस गेला तरी जाऊ द्या, पुढचे सगळे आकडे इथूनच निघतात.

दोन्ही हद्दी कळल्या की त्या पक्क्या करा. वर बंपस्टॉप, म्हणजे चाकाला वर अडवणारा ठोकळा, आणि खाली लिमिट स्ट्रॅप, म्हणजे चाक जास्त खाली जाऊ न देणारा पट्टा. शॉकअप आतून आपटायच्या अर्धा इंच आधी बंपस्टॉपने थांबवलं पाहिजे. स्ट्रॅप भाराखाली ताणला जातो, म्हणून तोही थोडा आखूडच घ्या. हायड्रॉलिक बंपस्टॉप परवडत असतील तर जरूर लावा. चकचकीत सस्पेन्शन आर्म्स नंतर घेतले तरी चालतील.

आता शॉकअप. ते धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलतात, आणि ओळीने येणाऱ्या उंचवट्यांवर, म्हणजे व्हूप्सवर, त्यांना निवायला उसंतच मिळत नाही. तेल तापून पातळ होतं, त्यात फेस धरतो आणि शॉकअप हात टेकतो. म्हणून जाड बॉडीचे, नायट्रोजन भरलेले, वेगळी टाकी असलेले मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे, शॉकअप घ्या. टाकीमुळे तेल जास्त मावतं आणि तेल व गॅस वेगळे राहतात. टाकी वारा लागेल अशा जागी बसवा, एक्झॉस्टपासून दूर.

स्प्रिंग अंदाजाने घेऊ नका. पाणी, इंधन, स्टेपनी, अवजारं, माणसं सगळं चढवून प्रत्येक चाकावरचं वजन करा. एकावर एक दोन कॉइल लावणार असाल तर दर, म्हणजे स्प्रिंग एक इंच दाबायला लागणारं वजन, कमी होतो : 300 आणि 400 पाउंड प्रति इंचाच्या जोडीचा दर साधारण 171 येतो. मागे उंचीसाठी पाट्यांखाली ठोकळे घालू नका, ॲक्सल पिळते.

पहिल्या चाचणीआधी शॉकअपच्या दांड्यावर एक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट आवळा. परत आल्यावर ती जिथे सरकली असेल तिथवर ट्रॅव्हल वापरलं गेलं. टाय टोकाला गेली असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे शॉकअप दाबला जातानाचा विरोध, वाढवा. अर्ध्यावरच राहिली आणि गाडी कडक लागत असेल तर कमी करा. व्हूप्समध्ये मागचा भाग दर उंचवट्यागणिक खाली बसत गेला तर रिबाउंड, म्हणजे शॉकअप परत उघडतानाचा विरोध, फार घट्ट आहे. उसळत असेल तर बहुधा सैल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून पुन्हा चालवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळायचं नाही.

सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट ट्रक स्वतःच्या चाकांवर उभा असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट एकदा काढले की नवेच घाला, आणि पहिल्या फेरीनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.