मेलॅनोमाचे मार्कर वाचताना या चुका टाळा

मेलॅनोमा म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा (मेलॅनोसाइटचा) कर्करोग आणि मार्कर म्हणजे ऊतीच्या कापात ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी. ‘मार्कर पॉझिटिव्ह, म्हणजे मेलॅनोमा’ ही घाई सगळ्यांत महागात पडते. मेलॅन-ए, एचएमबी-४५, सॉक्स१० हे मार्कर पेशीचं कूळ सांगतात. ती कर्करोगाची आहे का, याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. साधा तीळही मेलॅन-एने छान रंगतो. एचएमबी-४५ मध्ये निदान रंगण्याची तऱ्हा तरी बघता येते: तिळात तो वरच्या थरात दिसतो आणि खोल जाताना विरत जातो, मेलॅनोमात मात्र बऱ्याचदा वेडावाकडा, खालपर्यंत पसरलेला.

निगेटिव्हवरही तितकंच फसायला होतं. डेस्मोप्लास्टिक (तंतुमय ऊतीने भरलेल्या) मेलॅनोमात एचएमबी-४५ आणि मेलॅन-ए बहुधा रंगतच नाहीत. तिथे एस१०० आणि सॉक्स१० लावायचे. पण एस१०० मज्जातंतू, चरबी, कूर्चा यांतही रंगतो, जुन्या व्रणातल्या काही पेशींतही. लसिकाग्रंथीत तर डेंड्रायटिक (रोगप्रतिकारक) पेशींमुळे हमखास गोंधळ होतो.

तपकिरी रंगाचा घोळ वेगळाच. नेहमीचा डीएबी रंग तपकिरी आणि मेलॅनिनही तपकिरी! रंगद्रव्याने गच्च भरलेल्या गाठीत लाल क्रोमोजेन (मार्कर दिसावा म्हणून वापरायचा रंग) वापरा. मेलॅनिन ब्लीच करून घालवता येतं, पण त्यात प्रतिजनालाही (मार्कर ज्याला चिकटतो त्या प्रथिनाला) इजा होऊ शकते, म्हणून माझं मत लाल रंगाच्या बाजूने. सॉक्स१० केंद्रकात रंगतो, त्यामुळे तो वाचायला त्यातल्या त्यात सोपा.

निगेटिव्ह लिहिण्याआधी त्याच स्लाइडवरच्या निरोगी त्वचेतले मेलॅनोसाइट मेलॅन-एने रंगलेत का, ते पाहा. तेही कोरे असतील तर दोष रंजनाचा. ‘प्रेम’ (PRAME) या मार्करला (नाव मराठीत भलतंच गोड वाटतं) ही युक्ती चालत नाही, कारण निरोगी मेलॅनोसाइट त्याने सहसा रंगत नाहीत. २०१८ च्या एका अभ्यासात प्राथमिक मेलॅनोमांपैकी सुमारे ८३ टक्के त्याने ठळक रंगले, तर तिळांपैकी सुमारे ८६ टक्के पूर्ण कोरे राहिले. राहिलेल्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. डेस्मोप्लास्टिक प्रकारात तर जेमतेम एक तृतीयांश रंगले.

बॅप१ या प्रथिनाच्या मार्करचा हिशेब उलटा: केंद्रकातला रंग हरवणं हीच तिथे खूण. शेजारच्या लिम्फोसाइटमध्ये तो टिकलाय ना, ते आधी बघायचं.

आणि क्लिअर सेल सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा एक वेगळा कर्करोग? तो एस१००, सॉक्स१०, एचएमबी-४५ सगळ्यांत मेलॅनोमासारखाच रंगतो. तिथे पुढच्या स्लाइडवर वेळ न घालवता ईडब्ल्यूएसआर१ जनुकाची चाचणी पाठवा.